डोंबिवली सोडावी का? लेक चार वर्षांची, दोघांच्याही नोकऱ्या मुंबईत

पारिजातक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहून टाकते. या फेऱ्यातून कुणी गेलं असेल तर मोकळेपणाने सांगा.

मी जन्मापासूनची डोंबिवलीकर. माहेर रामनगरचं, सासर टिळकनगरजवळ. घर स्वतःचं, जुन्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. सासू-सासरे आमच्यासोबत राहतात. लेक चार वर्षांची, यंदा छोट्या शिशूत आहे. शाळा इतकी जवळ की आजोबा हाताला धरून चालत सोडून येतात. माझं ऑफिस फोर्टला. नवऱ्याचं अंधेरीला, तो घाटकोपरला उतरून मेट्रो पकडतो.

सकाळी सव्वासातला मी निघते तेव्हा लेक झोपेत असते. रिक्षाची रांग, ब्रिज, फास्ट लोकल, मग सीएसएमटीपासून पंधरा मिनिटं पायी. संध्याकाळी घरात पाऊल पडतं तेव्हा सव्वाआठ झालेले असतात, गाड्या रखडल्या तर नऊ.

गेल्या मंगळवारी जिना चढत होते, तर पहिल्या मजल्यावरच्या काकू दार उघडून माझीच वाट बघत होत्या. "अगं, आज तिला ळ आला!" इतके दिवस ती कावला, फला, बाल म्हणायची. दुपारी काकूंकडे खेळताना गॅलरीच्या कठड्यावर कावळा बसला आणि ती स्वच्छ 'कावळा' म्हणाली. काकूंनी मग तिच्याकडून फळा, बाळ, केळं, जांभळं सगळं म्हणून घेतलं. मी धावत वर गेले तर ती जेवून झोपली होती. बराच वेळ उशाशी बसून राहिले. काकूंचे उपकार आहेतच, त्यांचा आनंदही अगदी आजीसारखा होता. पण लेकीचा पहिला ळ मला जिन्यात कळला, हे काही केल्या मनातून जात नाही.

आता विचार असा आहे की हे घर भाड्याने द्यायचं आणि ठाण्यात किंवा मुलुंडला भाड्याने राहायचं. सासूबाई म्हणतात, "तुम्ही जा, आम्ही इथेच बरे." सासऱ्यांची सकाळ गणेश मंदिरात आणि नंतर कट्ट्यावर जाते, त्यांना तिथून उपटून नेणं मला जिवावर येतं. आणि ते नसतील तर लेक दिवसभर पाळणाघरात. काय करावं?

सात_अठ्ठावीस

आधी एक प्रश्न. ठाण्यात म्हणजे नेमकं कुठे? नौपाडा-पाचपाखाडीला, स्टेशनपासून चालत, की घोडबंदर रोडला? कारण डोंबिवली ते ठाणे फास्टने वीस-बावीस मिनिटं लागतात. घोडबंदरच्या आतल्या सोसायटीतून ठाणे स्टेशन गाठायला संध्याकाळी याहून जास्त वेळ जातो. माझ्या भावाने हाच हिशेब न करता घर घेतलं. आज तो माझ्या आधी निघतो आणि माझ्या नंतर घरी पोहोचतो.

पारिजातक

स्टेशनपासून चालत असं डोक्यात आहे. पण तिथल्या भाड्यात वन बीएचकेच बसतं आणि तेही जुन्या इमारतीत.

सात_अठ्ठावीस

मग दिवसाची पाऊण तास ते तासभर बचत धरा, त्याहून जास्त नाही. ठाण्याला फास्ट गाडी भरूनच येते. ठाण्याहून सुटणारी स्लो मिळाली तर बसायला मिळेल, पण वाचलेला वेळ त्यातच जाईल.

जुना_टिळकनगरी

पारिजातक, मी तुझ्या सासऱ्यांच्या वयाचा असेन, म्हणून अगं-तुगं करतो.

आम्ही १९७९ साली इथे आलो. गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं होतो. इथे दोन खोल्या, स्वतंत्र संडास आणि खिडकीबाहेर झाड मिळालं, तेव्हा माझी आई पहिल्या दिवशी नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरत होती. रूळ कल्याणपर्यंत गेले ते १८५४ साली, पण डोंबिवली खरी भरली ती आमच्यासारखी माणसं मुंबईच्या चाळींतून इथे आली तेव्हा. पाणी दिवसाआड, रस्ते मातीचे, महापालिका १९८३ मध्ये झाली. पुढे कित्येक वर्षांनी, मुंबईत दिवे लखलखत असताना आम्ही भारनियमनात मेणबत्तीवर मुलांचे अभ्यास घेतले. तरी कुणी परत गेलं नाही.

का गेलं नाही ते सांगतो. इथे शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होत्या आणि त्या चांगल्या होत्या. वाचनालयं होती, गाण्याचे क्लास होते, व्याख्यानं होती. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर अख्खं गाव नवे कपडे घालून लोटतं, तिथे माझ्या मुलीला तिच्या शाळेतल्या बाई भेटायच्या, डॉक्टर भेटायचे, वाणी भेटायचा. गुढीपाडव्याच्या ज्या शोभायात्रा आता गावोगाव निघतात त्यांची सुरुवात याच गावातून, गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये ९०वं साहित्य संमेलन इथे झालं, तेव्हा आमच्या इमारतीतले झाडून सगळे एक दिवस तरी तिथे जाऊन आले. मूल अशा गावात वाढतं तेव्हा त्याला ओळखणारी पन्नास माणसं असतात.

पण हेही लिहितो, कारण तू मनापासून विचारलं आहेस. मी छत्तीस वर्षं बॅलार्ड पिअरला नोकरी केली. माझी मुलगी सायकल कधी शिकली ते मला माहीत नाही. एका रविवारी ती माझ्यासमोरून सायकल चालवत गेली आणि मी बायकोला विचारलं, "ही कधी शिकली?" बायको म्हणाली, "झाले तीन महिने." गाव मुलांना भरभरून देतं, पण घरातल्या ज्या माणसाने गाडी पकडायची त्याच्याकडून ते वसूल होतं. आमच्या वेळी ते माणूस ठरलेलं होतं आणि बायको घरी होती. तुमच्याकडे दोघंही गाडीत आहेत, म्हणून तुला ते दुप्पट जाणवतंय. दोघांपैकी एकाची तरी गाडी लहान करता येते का बघ. घर बदलणं त्याच्या नंतर.

ओलेती_छत्री

काका, सायकलचं वाचून गलबललं. माझ्या वडिलांचंही असंच झालं असणार, आम्ही कधी विचारलंच नाही.

लेडीज_मधला_कोपरा

चोवीस वर्षं डोंबिवली-सीएसएमटी करते आहे. दोन बाळंतपणं याच गाडीत निभावली. सातव्या महिन्यात डब्यातल्या मैत्रिणींनी चालत्या गाडीत माझं डोहाळजेवण केलं, फुलांच्या वाडीसकट. दसऱ्याला आमचा डबा सजतो. मुलीला बारावीला गणिताची शिकवणी कुठे लावायची, चांगला बालरोगतज्ज्ञ कोण, पोळ्यांना बाई कुठे मिळेल, हे सगळं मला डब्यात कळलं. त्यामुळे तो वेळ वाया गेला असं मी कधीच म्हणणार नाही.

मात्र गर्दीबद्दल स्पष्ट लिहिते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली तेव्हा वाटलं होतं, आता सुटलो. मेल-एक्सप्रेस वेगळ्या झाल्या, तरी दारातली गर्दी तशीच राहिली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि काहींचा जीव गेला. त्या सकाळी माझी पुतणी त्याच्या पुढच्याच गाडीत होती. तिचा फोन लागेपर्यंतची वीस मिनिटं मी विसरू शकत नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम आहे, आत शिरता आलं नाही तर गाडी सोडायची. लेट मार्क लागला तर लागू दे.

तर पारिजातक, तुला दोन गोष्टी सांगते. डोंबिवलीहून सुटणारी स्लो धर. वीसेक मिनिटं जास्त लागतील, पण बसून जाशील आणि संध्याकाळी घरी येशील तेव्हा अंगात त्राण असेल. मी पाच वर्षांपूर्वी हा बदल केला. दुसरं म्हणजे ऑफिसात वेळ मागून घे. साडेआठ ते साडेचार मिळालं तर परतीची गाडीही मोकळी मिळते. मी नऊ वर्षं मागितलंच नव्हतं, मागितलं तेव्हा आठ दिवसांत मिळालं.

पारिजातक

साडेआठ ते साडेचार! हे मी कधी विचारलंच नाही. पण मग सकाळी सहाला निघावं लागेल.

लेडीज_मधला_कोपरा

हो. पण सकाळी ती तशीही झोपलेली असते ना? संध्याकाळी सहाला तू घरात असशील.

आता_ठाणेकर

मी दुसरी बाजू लिहितो. आम्ही २०१८ मध्ये डोंबिवली सोडून ठाण्यात आलो, आई-वडिलांसकट. वेळ वाचला हे खरं. मी मुलाला रोज बागेत नेऊ शकतो, त्याच्या गॅदरिंगची तयारी घेऊ शकतो. हे मला तिथे राहून जमलं नसतं, त्यामुळे पश्चात्ताप नाही.

पण वडिलांचं सांगायला हवं. नवीन टॉवर, सतरावा मजला, दार लावलं की लावलं. डोंबिवलीत ते रोज सकाळी दूध आणायला जायचे आणि दीड तासाने यायचे, कारण रस्त्यात सहा माणसं भेटायची. इथे पहिल्या वर्षी ते दूध आणायला जाऊन सात मिनिटांत परत यायचे. एका दुपारी बाथरूममध्ये घसरले. आई घाबरून शेजाऱ्यांची बेल वाजवत राहिली, त्या मजल्यावर दुपारी कुणीच नव्हतं. शेवटी खालून वॉचमन आला. जुन्या घरी नुसता भांडं पडल्याचा आवाज आला तरी वरून विचारायचे, "काय हो, सगळं ठीक ना?"

चार वर्षांनी इथेही ओळखी झाल्या, आता वडील रमलेत. पण ती चार वर्षं त्यांच्या सत्तरीतली होती. तुझे सासू-सासरे 'इथेच बरे' म्हणतात ते त्यांना नीट कळतंय म्हणून म्हणतात.

निवासी_भाग

सगळे गोड लिहितायत म्हणून एक वेगळा मुद्दा. आम्ही एमआयडीसीच्या निवासी भागात राहतो. मोठे रस्ते, झाडं, सावित्रीबाई फुले नाट्यगृह हाकेच्या अंतरावर, राहायला खरंच छान. पण काही रात्री खिडक्या लावून घ्याव्या लागतात इतका उग्र वास येतो. २०२० मध्ये इथला एक रस्ता रसायनांनी गुलाबी झाला होता, मुख्यमंत्री बघायला आले होते. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४, कारखान्यांतले हे दोन्ही स्फोट मी घरात बसून ऐकले. दुसऱ्या वेळी काचा फुटल्या, आई पलंगावर बसली होती, तिच्या पायाशी काचांचा सडा. तिला काही झालं नाही, पण तेव्हापासून ती खिडकीपाशी बसत नाही. पूर्वी तिचं सगळं वाचन तिथेच व्हायचं. धोकादायक कारखाने हलवणार हे दर वेळी ऐकतो. जाहीर झालं की दोन महिने बरं वाटतं.

टिळकनगरला वासाचा त्रास कमी, हे मान्य. तरी लहान मूल असलेल्या घराने हे धरून चालावं. मी गाव सोडणार नाही, माझी माणसं इथे आहेत. पण प्रेम आहे म्हणून गप्प बसावं असं मला वाटत नाही.

पश्चिमेचा_वारा

पूर्ण सहमत. आणि पश्चिमेबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. मोठागाव-माणकोली पूल मे २०२५ मध्ये सुरू झाला तेव्हापासून माझं ठाण्याला गाडीने जाणं पार बदललं. आधी कल्याण किंवा शिळफाटा असा वळसा असायचा. आता खाडी ओलांडली की भिवंडी बायपासला लागतो. पारिजातकच्या फोर्टला त्याचा उपयोग नाही, पण रात्री-अपरात्री म्हाताऱ्या माणसाला ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं झालं तर आता तेवढी धास्ती वाटत नाही. २०१९ ते २०२१ कोपर पूल बंद होता तेव्हा पूर्व-पश्चिम करतानाच जीव जायचा.

कागदपत्र_बघा

थोडं अवांतर, पण धागा वाचून कुणी डोंबिवलीत घर घ्यायला निघेल म्हणून. महापालिकेची बनावट परवानगी दाखवून महारेराचे, म्हणजे गृहप्रकल्प नोंदणीचे, नंबर मिळवलेल्या ६५ इमारती इथे उघडकीला आल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. त्या घरांत हप्ते भरणारी साधी नोकरदार माणसं राहतात. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने मुलाच्या नावाची पाटी दारावर लावली आणि पुढच्या महिन्यात नोटीस आली. महारेराचा नंबर दिसला म्हणून थांबू नका. बांधकाम परवानगीची प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जा आणि तिथल्या नोंदीशी पडताळा. भोगवटा प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय शेवटची रक्कम देऊ नका.

पारिजातक, तुमची इमारत जुनी आहे म्हणून एक विचारतो. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, सोसायटीच्या नावावर झालंय का? पुनर्विकासाची गोष्ट निघाली की तिथेच घोडं अडतं. घर भाड्याने देऊन जाणार असाल तर सभांना यायला कुणी राहत नाही, आणि मग निर्णय दुसरेच घेतात.

पारिजातक

कन्व्हेयन्स झालेलं नाही. सासरे सोसायटीचे खजिनदार आहेत, त्यांना आज हे वाचून दाखवलं. म्हणाले, "हेच मी गेली सहा वर्षं सांगतोय." काकांचा सायकलचा किस्साही वाचून दाखवला, तेव्हा मात्र काही बोलले नाहीत.

किल्ली_शेजारी

मी या धाग्यातल्या लेकीच्या जागेवरून लिहिते. माझे आई-बाबा दोघंही मुंबईला नोकरीला जायचे, आई मंत्रालयात होती. आजी-आजोबा नव्हते. शाळेतून आलं की शेजारच्या मावशींकडून किल्ली घ्यायची, दप्तर टाकायचं आणि परत मावशींकडेच जायचं. माझी पहिली पाळी मावशींनी सांभाळली. पोळी लाटायला मावशींनी शिकवलं. लग्नात मला त्यांच्यापासून निघताना जास्त रडू आलं, आणि आईने ते बघितलं. ती तेव्हाही काही म्हणाली नाही.

साडेसात वाजले की मी गॅलरीत उभी राहायची. गल्लीच्या तोंडाशी दिवा होता. त्याच्याखालून आधी पर्स दिसायची, मग भाजीची पिशवी, मग आई. तिच्या चपलांचा आवाज मला चार जिने लांबून ओळखू यायचा.

मला मावशींकडे वाढल्याचं दुःख अजिबात नाही. दुःख याचं आहे की आई घरी यायची आणि तशीच ओट्याशी जायची. कुकर, पोळ्या, उद्याचा डबा, भाजी निवडणं. दहा वाजता हात पुसत यायची तेव्हा मी पेंगुळलेली असायची. दिवसभरात ती माझ्यापासून दहा-अकरा तास लांब असायची ते मी सोसलं. घरात असलेले ते अडीच तास मात्र आम्हा दोघींचे असायला हवे होते.

तर ताई, पोळ्यांना बाई लावा. डोंबिवलीत पावलोपावली पोळी-भाजी केंद्रं आहेत, आठवड्यातून तीन दिवस तिथून आणा. सासूबाईंना वाईट वाटेल असं वाटत असेल तर आधी त्यांच्याशी बोला. नवऱ्याला ओटा सांभाळू द्या. घरी आल्यावर पर्स ठेवून तिच्याजवळ जमिनीवर बसा. ठाण्याला जाऊनही ओट्याशीच जाणार असाल तर तो वाचलेला तास तिच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

लेडीज_मधला_कोपरा

किल्ली, मी आईच्या जागेवरून वाचलं. भाजी तर मी गाडीतच निवडायचे, तेवढाच वेळ वाचावा म्हणून. आज मुलीला फोन करते.

जुना_टिळकनगरी

किल्ली, तुझ्या आईशी कधी बोललीस का यावर? त्यांनाही ते माहीत असेल. आम्हाला माहीत असतं.

किल्ली_शेजारी

नाही काका. आई आता माझ्याकडेच असते, माझ्या मुलाला तीच सांभाळते. रोज दुपारी त्याला मांडीवर घेऊन बसते, ओट्याकडे फिरकतही नाही. बोलेन.

पारिजातक

सगळ्यांचे मनापासून आभार. मध्ये बारा-तेरा दिवस इथे आले नाही, कारण घरात बोलणं चाललं होतं.

रविवारी मेगाब्लॉक होता, कुणी कुठे जाणार नव्हतं, म्हणून चौघं बसलो. सासूबाईंना पोळ्यांच्या बाईबद्दल विचारायला मी घाबरत होते. त्या म्हणाल्या, "अगं, माझे गुडघे दोन वर्षं दुखतायत, तुलाच वाईट वाटेल म्हणून मी बोलत नव्हते." सोमवारपासून बाई येते. नवऱ्याला आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळतं, पण तो ते घेत नव्हता, कारण बढतीची वेळ आहे. आता घेणार आहे. रात्रीचा ओटाही त्याच्याकडे.

मी साहेबांशी बोलले. साडेआठ ते साडेचार लगेच जमणार नाही, पण आमचं ऐरोलीला दुसरं ऑफिस आहे, तिथे जूनपासून जागा रिकामी होते आहे. पगार तोच, काम थोडं कमी आवडीचं. ठाण्याला गाडी बदलायची, दिघा गाव झालं की ऐरोली. घरापासून तास-सव्वा तास. मी अर्ज दिला आहे. मिळालं तर इथेच राहू, नाही मिळालं तर ठाण्याचा विचार पुन्हा करू, आणि तेव्हा सासू-सासऱ्यांसकटच. त्यांना मागे ठेवून जाणं आता माझ्या मनातून पूर्ण गेलं आहे. सासऱ्यांनी कन्व्हेयन्ससाठी पुढच्या महिन्यात सोसायटीची सभा लावली आहे.

आज रजा टाकली होती. दुपारी काकूंकडे लेकीला घेऊन गेले आणि त्यांच्या गॅलरीत तिघी बसलो. कावळा काही आला नाही, पण तिने मला पंधरा वेळा म्हणून दाखवला. मग तहान लागली म्हणाली, "आई, पानी." ण अजून यायचा आहे. काकू आत पाणी आणायला उठल्या आणि जाता जाता मला म्हणाल्या, "तो माझ्याकडे आला ना, तरी मी तुला सांगणार नाही हं. तू तुझ्या कानांनी ऐक."